निचरा

एकतीस वर्षं मी आयर्विन पुलाच्या खांबावरचे आकडे वाचले.
चाळीस फूट, इशारा. पंचेचाळीस, धोका.
टॉर्च, छत्री, ओली वही,
आणि दर तासाला फोनवर तोच एक आवाज: "किती?"

आता त्रिशला विचारते,
दंडाला पट्टा आवळून, चष्मा कपाळावर ढकलून,
"किती?"
एकशे ब्याऐंशी. खाली एकशे आठ.

तीन गोळ्या चालू आहेत.
त्यातली एक लघवीची,
ती घेतली की मिरजेच्या एसटीत बसायचं धाडस होत नाही.
डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले,
"भूपालकाका, गोळ्या घेता ना? खरं सांगा."
मी बोललो नाही.
त्रिशलानं पिशवी उपडी केली टेबलावर,
चार महिन्यांच्या पट्ट्या, एकेक कप्पा फोडलेला.
"दिवस मावळल्यावर हे पाणीही घेत नाहीत,
म्हणून रात्रीची गोळी सव्वासहाला, गजर लावून.
चातुर्मासात मीठ सोडलंय. पापडसुद्धा नाही."
डॉक्टर जरा गप्प बसले.
रक्त पुण्याला गेलं.

आठ दिवसांनी पॅडच्या पाठीवर
त्यांनी घेवड्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड काढलं,
त्याच्यावर तिरकी टोपी, म्हणजे ग्रंथी,
टोपीत एक गाठ, हरभऱ्याएवढी.
"मूत्रपिंड म्हणतंय पुरे. रेनिन जवळजवळ नाहीच.
ही गाठ मात्र अल्डोस्टेरॉन सोडतच राहते,
कुणी मागितलेलं नसताना."

"का पण?"

त्यांनी एक ठिपका काढला. पेशी.
ठिपक्याला दार. त्यातून फक्त पोटॅशियमनं जायचं.
दार कसं घडवायचं ते आत लिहिलेलं असतं,
आणि नक्कल होताना कधी त्यातलं एक अक्षर चुकतं.
मग त्याच दारानं सोडियम आत येतं
आणि पेशीला वाटतं, वरून हुकूम आला.

मला ती रात्र आठवली.
३४ च्या जागी मी ४३ लिहिले होते, पेंगत.
दत्तनगरात लोकांनी गाद्या माळ्यावर टाकल्या,
एका म्हाताऱ्यानं दाव्याची म्हैस सोडली, ती सापडलीच नाही.
नदी आपली खाली, चौतीसवर,
तिला काही माहीत नाही.
"मगदूम," साहेब म्हणाले, "दोन आकडे!"
पुढं बोललेच नाहीत.

हुकूम नळीच्या पेशीत शिरतो,
केंद्रकापर्यंत जातो,
तिथं नवी दारं घडतात, भिंतीत बसतात,
आणि बाहेर निघालेलं मीठ अर्ध्या वाटेवरून परत येतं.
मिठामागं पाणी.
पोटॅशियम जातं वाहून,
म्हणून रात्री पोटऱ्यांत गोळे.
मी मीठ सोडलं होतं.
मिठानं मला सोडलं नव्हतं.

डिग्रजला मेहुण्याचं रान असंच.
उसाला पाणी, आणखी पाणी, वीस वर्षं,
मग एका उन्हाळ्यात जमीन पांढरी पडली,
चालताना पायाखाली कुरकुरायची.
वरून कितीही धुतलं तरी खालून फुटायचं.
शेवटी चार फूट खाली भोकांचे पाइप पुरले.
पहिलं पाणी ओढ्यात पडलं तेव्हा
त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं,
आणि थुंकला, आणि हसला.

चौथी गोळी कुलपात जाऊन बसते.
हुकूम येतो, जागा भरलेली.
एवढंच तिचं काम.
छाती मात्र दुखरी झालीय, बनियन घासलं तरी कळ येते.
हे मी कुणाला सांगणार? त्रिशलाला सांगितलं.
"आता कळलं?" म्हणाली,
आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

गाठ काढायची की गोळीवर राहायचं
ते अजून ठरत नाही.
आधी कोणत्या बाजूची ते नक्की करायचंय,
त्यालाही पुणं.

"किती?"
सहा वाजता, एकशे शेहेचाळीस. घट.
वहीत लिहितो,
आणि पेन मिटायच्या आधी
आकडे उलटे पडले नाहीत ना,
परत एकदा बघतो.